मुलांचे शब्द आणि सम्यक वाचा

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस विषय दिला तो 'शाळकरी मुलांची बोली : शब्द आणि त्यांचे अर्थ' असा. गुणगौरवाच्या दिवशी टक्क्यांविषयी, स्पर्धा परीक्षांविषयी बोलण्याची रीत आहे. ती सोडून मुलांच्या टवाळ शब्दांवर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. परंतु घरोघरी दोन तक्रारी आहेत. पहिली पालकांची : "पोरं आपसात काय बोलतात ते कळतच नाही." दुसरी मुलांची, आणि ती बहुधा उशीत तोंड खुपसून केलेली असते : "मला वर्गात असं म्हणतात." पहिली तक्रार हलकी आहे, दुसरी जड आहे. दोन्ही शब्दांविषयीच आहेत. म्हणून या विषयाला आम्ही आनंदाने होकार दिला.

प्रथम हलक्या भागाकडे वळू. शाळेला न जाणे ही एकच गोष्ट घ्या. पुण्या-मुंबईकडचा मुलगा दांडी मारतो, कोल्हापूर-बेळगावकडचा बुट्टी मारतो, तोच कॉलेजात गेला की बंक मारतो, आणि मधल्या सुट्टीत दप्तरासह पसार झाला तर त्याने कल्टी मारली. जो सारखा पाठ करीत बसतो तो घासू किंवा घोकू. जो बाईंच्या मागेपुढे करतो तो चमचा, आणि चमच्याचे काम मस्का मारणे. ज्याची फजिती झाली त्याचा पोपट झाला. ज्याला फसवले त्याला टोपी घातली किंवा त्याचा मामा केला. आणि ज्याला सर्वांनी मिळून गोड बोलून बनवले, त्याची 'शाळा घेतली'. मुलांच्या कोशात शाळा या शब्दाचा अर्थ असा आहे, यावर येथे बसलेल्या शिक्षक बंधुभगिनींनी अवश्य विचार करावा!

प्रदेश बदलला की शब्द बदलतो. विदर्भात मुले 'पोट्टे' असतात आणि बावळट मुलगा 'भैताड'. कोल्हापूरकडे आवडलेली प्रत्येक गोष्ट 'नाद खुळा'. आजची मुले एकमेकांस 'भावा' म्हणतात, अवघड किंवा जबरदस्त गोष्टीला 'विषय हार्ड' म्हणतात. मोबाइलवरील खेळांतून 'नूब' आला, म्हणजे नवखा, खेळ न येणारा. 'क्रिंज' म्हणजे जे पाहून करणाऱ्याऐवजी पाहणाऱ्यालाच लाज वाटावी असे. आमच्या वेळचे 'झक्कास', 'भंकस', 'पकाऊ' हे शब्द आज उच्चारले की मुले आमच्याकडे दयाबुद्धीने पाहतात. शब्दही म्हातारे होतात.

यात भिण्यासारखे काही नाही. मोठ्यांनाही आपापल्या खुणेच्या भाषा असतातच. बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, त्याला 'हत्ता' म्हणत. मुलांची 'च'ची भाषा तर कित्येक पिढ्यांची. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा. 'मला'चे 'चलाम', 'कागद'चे 'चगदका'. सरांच्या समोर बोलावे आणि सरांना कळू नये, यातला आनंद ज्याने घेतला नाही त्याचे बालपण फुकट गेले. आपला एक कंपू असावा, त्याची एक खूण असावी, मोठ्यांपासून थोडे लपावे, यासाठी मुले शब्द घडवतात. तो भाषेचा जिवंतपणाच आहे. तेव्हा 'ही कसली अशुद्ध भाषा?' म्हणून लगेच कान पिळू नयेत.

'अशुद्ध' हा शब्द तर आपण फार जपून वापरावा, कारण तो आपल्यावर फार वापरला गेला आहे. वस्तीतील मूल शाळेत 'पानी' म्हणाले की वर्ग हसतो. 'आनी-पानी'वाला म्हणून त्याचे नाव पडते, आणि ते मूल त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडेनासे होते. त्या मुलास कोणीतरी सांगावयास हवे की संस्कृतात आणि पालीत हा शब्द 'पानीय' असा आहे आणि त्यात न आहे, ण नाही. पुढे प्राकृतातून येताना न चा ण झाला आणि मराठीत 'पाणी' स्थिरावले. प्रमाण मराठीत लिहिताना पाणी असेच लिहावे, परीक्षेत तेच लिहावे, हे खरे. पण 'पानी' म्हणणारा मुलगा अडाणी नाही. त्याच्या जिभेवर तथागतांच्या काळचा न आहे.

भगवान बुद्धांसमोर हाच प्रश्न आला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, उत्तम वाणीचे दोन भिक्खू बंधू भगवंतांकडे आले आणि म्हणाले की नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवीत आहेत, तरी आम्ही ते छंदस् म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत बसवतो. भगवंतांनी त्यांस नकार दिला आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्यास अनुज्ञा दिली, असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्तात तर एकाच भांड्याची निरनिराळ्या प्रदेशांतील सात नावे दिली आहेत. कोठे पाती, कोठे पत्त, कोठे पोण. आपल्याकडचेच नाव खरे आणि इतरांचे खोटे असा हट्ट धरू नये, तसेच लोकरूढीही झुगारून देऊ नये, असा तेथील उपदेश आहे. दांडी आणि बुट्टी यांचे भांडण त्यात मिटून जाते.

आता जड भाग. बँकेत नोट कोणीही आणली तरी तिची किंमत तीच राहते. शब्दाचे तसे नाही. तो कोण कोणास म्हणतो यावर त्याची किंमत ठरते, आणि काळाच्या ओघात ती पार उलटीही होते. आपल्या इतिहासातलीच तीन उदाहरणे देतो.

सम्राट अशोकाने आपल्या लेखांत स्वतःस 'देवानंपिय' म्हटले आहे, देवांना प्रिय असा. पुढील काळातील संस्कृत व्याकरणग्रंथांत 'देवानांप्रिय' याचा अर्थ मूर्ख असा दिलेला आढळतो. दुसरा शब्द 'पासंड'. अशोकाच्या लेखांत त्याचा अर्थ केवळ पंथ असा आहे, त्यात निंदा नाही. त्याचाच 'पाखंड' झाला, आणि पाखंडी म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा. तिसरा शब्द आपल्या रोजच्या मराठीतला. संघातील वृद्ध, आदरणीय भिक्खूंना 'थेर' म्हणत. थेरगाथा, थेरीगाथा ही नावे आपल्या परिचयाची आहेत. संस्कृतातील 'स्थविर'पासून आलेला तोच शब्द मराठीत 'थेरडा' होऊन बसला, आणि आज म्हाताऱ्या माणसाचा अपमान करण्यासाठी वापरला जातो.

एका राजाची पदवी, एक साधा शब्द आणि एक आदराचे संबोधन, तिन्ही खाली घसरले. कोणी सभा भरवून हे ठरवले नसेल. लोक थट्टेत म्हणत गेले, ऐकणारे हसत गेले आणि अर्थ बदलत गेला. वर्गातील एखाद्या बाकावर आज हेच चालू असते.

'ढ' हा शब्द पाहा. अभ्यासात मागे असलेल्या मुलास ढ म्हणतात. याचे एक कारण असे सांगतात की अशोकाच्या ब्राह्मी लिपीतील ढ आणि आजचा ढ यांचे वळण जवळजवळ सारखेच आहे. बाकीची अक्षरे बदलत गेली, हे मात्र जिथल्या तिथे राहिले, म्हणून वर्ग न बदलणारा मुलगा ढ! व्युत्पत्ती खरी असो वा नसो, लिपीची गोष्ट खरी आहे. पण आम्हांस वाटते, बावीसशे वर्षे जे अक्षर टिकून राहिले, त्याचे नाव मठ्ठपणासाठी का घ्यावे? चिकाटीसाठी का घेऊ नये?

आता वर्गात आपल्या मुलांना जे ऐकावे लागते त्याकडे येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवशी वर्गात नावे पुकारली जातात आणि काही मुले उभी राहतात. त्यानंतर मधल्या सुट्टीत शब्द सुरू होतात : 'कोटावाला', 'शेड्यूल', 'सरकारचा जावई', 'जयभीमवाला'. म्हणणारी मुले वाईट असतात असे नाही. बहुतेकांनी तो शब्द घरच्या जेवणाच्या पाटावर ऐकलेला असतो. परंतु ऐकणाऱ्या मुलाच्या हातात त्याचा अर्थ नसतो, फक्त त्याचा डंख असतो. तेव्हा अर्थ आपण दिला पाहिजे.

'शेड्यूल' म्हणजे अनुसूची, यादी. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात आणि १९३६ च्या आदेशात ज्या जातींची यादी केली, त्या अनुसूचित जाती. यादीत नाव असणे हा दोष नव्हे. ज्यांनी अन्याय केला त्यांच्या दोषाची ती नोंद आहे. १९९० मध्ये कायदा बदलून बौद्धांचाही त्या यादीच्या आदेशात समावेश झाला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. राहिला 'सरकारचा जावई'. जावयास पाटावर बसवून पुरणपोळी वाढतात, त्यास पेपर लिहावा लागत नाही. आज ज्यांचा सत्कार झाला त्या मुलामुलींनी पेपर लिहिले आहेत. आणि 'जयभीमवाला' म्हटले तर मुलाने ताठ मानेने 'होय' म्हणावे. ज्या दोन शब्दांनी आपण सकाळी एकमेकांस अभिवादन करतो, ती शिवी होऊच शकत नाही. तो शब्द कोणत्या दिशेने जाईल, वर की खाली, हे आपल्या मुलाच्या आवाजावर अवलंबून आहे.

शब्दाच्या बाबतीत बाबासाहेब किती दक्ष होते हेही मुलांस सांगावे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालण्याचे ठरले, तेव्हा बाबासाहेबांनी व स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध केला आणि ते सभागृहाबाहेर पडले. शब्द वरवर गोड होता. पण दुसऱ्याने दयेने ठेवलेले नाव त्यांस नको होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. शाळेच्या रजिस्टरात मुलाच्या पत्त्यासमोर 'समतानगर' लिहिले जाणे आणि जातीचा वाडा लिहिला जाणे, यात केवढे अंतर आहे ते त्या मुलासच विचारा.

आता कोणी म्हणेल, मुले आहेत, गंमत करतात. मित्रहो, 'गंमत केली' हा बचावही फार जुना आहे आणि त्याचा निवाडाही अडीच हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. विनयात भिक्खूंसाठी एक नियम आहे, त्याला 'ओमसवाद' म्हणतात, म्हणजे टोचून, हिणवून बोलणे. ते कशावरून होते याचे दहा प्रकार तेथे मोजले आहेत : जन्म, नाव, गोत्र, काम, हस्तव्यवसाय, आजार, शरीराची ठेवण, मनाचे विकार, हातून घडलेला अपराध आणि सरळ शिवी. आजच्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहा, याच्या बाहेरचा अकरावा प्रकार सापडणे कठीण. विनयकार आणखी दोन गोष्टी सांगतात. हिणवण्याच्या हेतूने वापरलेला शब्द वरून मोठेपणाचा असला तरी तो दोषच. आणि दुखवण्याचा हेतू नसून केवळ थट्टेत म्हटले, तर दोष हलका होतो, पण नाहीसा होत नाही.

या नियमाच्या संदर्भात नंदिविसाल जातकाची कथा येते. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाकडे नंदिविसाल नावाचा बैल होता. शंभर भरलेल्या गाड्या हा बैल ओढील, अशी त्याने हजार नाण्यांची पैज लावली. पण जुंपल्यावर त्याने बैलास 'अरे लबाडा' अशा अर्थाची हाक मारली. बैल जागचा हलला नाही, पैज गेली. घरी आल्यावर बैलाने विचारले, मी तुझे कधी काही बिघडवले काय, मग तू मला लबाड का म्हणालास? या वेळी दोन हजारांची पैज लाव आणि तसे बोलू नकोस. दुसऱ्या वेळी ब्राह्मणाने 'भल्या' म्हणून हाक मारली आणि शंभर गाड्या ओढल्या गेल्या. बैलाची ताकद दोन्ही दिवशी तीच होती. ज्या मुलास घरात आणि शाळेत रोज 'ढ' म्हटले जाते, त्याच्या गाड्या का हलत नाहीत, याचे उत्तर यात आहे.

मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवंत लहानग्या राहुलास शिकवतात की थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. सम्राट अशोकाने बैराट येथे सापडलेल्या आपल्या लेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी जी मोजकी प्रवचने सांगितली, त्यात राहुलास केलेला असत्याविषयीचा हा उपदेश आहे. म्हणजे मुलाच्या बोलण्याची शिकवण ही मोठ्यांनीही ऐकावयाची गोष्ट आहे, हे त्या राजाने जाणले होते.

आता आपल्या अंगणात पाहू. आपल्यावर फेकलेले शब्द आपण मोजतो, तसे आपल्या मुलांच्या तोंडचेही मोजले पाहिजेत. चष्मा लावणारा 'ढापण्या', जाड मुलगा 'जाड्या', सावळी मुलगी 'काळी', अडखळत बोलणारा 'तोतऱ्या', हळव्या मुलास 'बायल्या', मुलीला 'आयटम'. ईशान्येकडील किंवा लडाखमधील विद्यार्थी दिसला की 'चिंकी'. ज्याला आपला मुलगा चिंकी म्हणतो, त्याच्या घरी कदाचित पिढ्यान्‌पिढ्या बुद्धवंदना होत असेल. तो आपला धम्मबांधव आहे. आणि आईबहिणीवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांविषयी काय बोलावे? भिंतीवर माता रमाईचा फोटो आणि ओट्यावर बसून आईवरून शिव्या, हे एका घरात शोभत नाही. जन्मावरून बोललेले आपल्याला लागते, तर देहावरून आणि बाईपणावरून बोललेले दुसऱ्यास लागते, एवढे समजण्यास पाली यावी लागत नाही.

मग बरा शब्द कोणता आणि वाईट कोणता, हे मुलाने ओळखावे कसे? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पहिला : हा शब्द त्याच्या करणीविषयी आहे की त्याच्या जन्माविषयी, शरीराविषयी? दांडी मारली ही करणी आहे, उद्या सुधारता येते. रंग आणि जात सुधारावयाची नसते, ते दोषच नव्हेत. दुसरा : मी त्याला म्हणतो तसे तो मला म्हणू शकतो का? 'भावा' दोन्ही बाजूंनी जातो. 'कोटावाला' एकाच बाजूने जातो. तिसरा : सगळे हसतात तेव्हा तोही हसतो का, आणि घरी गेल्यावरही हसतो का? पंचशीलातील चौथे शील आपण खोटे न बोलण्यापुरते समजतो. सम्यक वाचेत मात्र चार गोष्टी येतात : असत्य, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड, यांपासून दूर राहणे. थोडी वायफळ बडबड वयाला माफ करू. कठोर वाचेची सवलत मात्र कोणासच नको.

यावर 'असले शब्द बोलूच नका' असा फतवा काढून काही साधत नाही. दडपलेला शब्द दुप्पट चवीने बोलला जातो. शब्द उघड्यावर आणून त्याचा अर्थ विचारणे हा मार्ग बरा. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला, तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातील कित्येक शब्दांचे अर्थ विचारावे लागले. ज्या बोलीला शिवी समजले जाई ती साहित्य झाली, कारण एका माणसाने ती न लाजता आणि समजून वापरली. समजून वापरणे हे महत्त्वाचे.

म्हणून शेवटी मंडळास एक सूचना आहे. दर रविवारी येथे जो अभ्यासवर्ग भरतो, त्यात एक वही ठेवावी. तीत मुलांनी आपल्या शाळेत ऐकलेले शब्द लिहावेत : शब्द कोणता, अर्थ काय, कोठून आला, कोण कोणास म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कसे वाटते. मोठ्यांनी ती वाचून रागावू नये आणि कोणाचे नाव विचारू नये. गमतीचे शब्द वाचून मनसोक्त हसावे. जो शब्द टोचणारा असेल त्यावर वर्गात चर्चा व्हावी, आणि तो वारंवार येत असेल तर पालकांनी एकेकट्याने न जाता मंडळाच्या दोन सभासदांसह शांतपणे मुख्याध्यापकांस भेटावे. चौदा एप्रिलच्या भित्तिपत्रकासाठी त्या वहीतून एक पान काढावे. मुलास आपला डंख कागदावर उतरवता आला की तो त्याच्या मनात कुजत नाही, आणि आपण इतरांस काय म्हणतो हेही त्याच वहीत त्यास दिसते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे शब्द तुम्ही खुशाल घडवा. पोपट करा, कल्टी मारा (परीक्षा सोडून!), 'च'च्या भाषेत आमच्यासमोर आमचीच शाळा घ्या. फक्त ज्या शब्दाने तुमची मान कधी खाली गेली, तसला शब्द तुमच्या तोंडून दुसऱ्याच्या मानेवर पडू देऊ नका. आणि कोणी तुमच्यावर टाकला, तर त्याचा अर्थ त्याला सांगण्याइतका अभ्यास करा.



नमो बुद्धाय. जय भीम.